येत्या गुरुवारी, वरच्या खोलीत

पिवळा कागद मधोमध दुमडलेला आहे आणि त्यावर बिअरच्या ग्लासाचा ओला गोल उमटलाय. पबच्या काउंटरवर अशा कागदांची चळत होती, त्यातला वरचा तुम्ही उचललात. ठळक अक्षरांत 'फोक क्लब', त्याखाली 'दर गुरुवारी, रात्री आठ, वरच्या खोलीत', आणि मग पुढच्या तीन महिन्यांचे गुरुवार ओळीने. बहुतेक गुरुवारांपुढे कुणाचं तरी नाव आहे: अमुक बाई, गायन आणि कॉन्सर्टिना, तमुक आणि तमुक, फिडल व गिटार, एक नुसतंच नाव, पुढे 'यांची ओळख करून द्यायला नको' अशी मखलाशी. दर तीन-चार आठवड्यांनी मात्र एक ओळ बिननावाची येते. तिथे लिहिलंय 'सिंगर्स नाइट'. त्या दिवशी पाहुणा नाही. जे येतील तेच गातील.

आगामी कार्यक्रमांची यादी हातात आली की आपण नावं शोधतो. तुम्ही त्या बिननावाच्या ओळीवर बोट ठेवा आणि जिना चढा. आज तोच गुरुवार आहे.

गाव कुठलं ते विचारू नका. पबचं नाव कुठल्या तरी राजाच्या डोक्यावरून नाहीतर एखाद्या प्राण्याच्या रंगावरून ठेवलेलं असेल, इतकं पुरे. साठच्या दशकात असे क्लब इंग्लंडभर शेकड्यांनी होते. ब्रॅडफर्डचा 'टॉपिक' तर १९५६ सालचा. पुष्कळसे मिटले. जे उरले त्यांत पिकल्या केसांची मंडळी जास्त दिसतात, आणि त्यावरचे सगळे विनोद त्यांनी स्वतःच करून ठेवलेले असतात.

जिन्याच्या टोकाशी टेबल. टेबलावर बिस्किटांचा पत्र्याचा डबा, शेजारी कार्ड टेकवायचं यंत्र. मागे बसलेल्या आजी विचारतात, "गाणार की ऐकणार?"

प्रश्न उगाच विचारलेला नाही. गाणाऱ्याला प्रवेश स्वस्त पडतो. तुम्ही "ऐकणार" म्हणता आणि पूर्ण पैसे मोजता.

आत चाळीसेक खुर्च्या. मंच नाही, माइक नाही. गाणारा उभा राहणार ती जागा म्हणजे पहिल्या रांगेच्या गुडघ्यांसमोरचा सतरंजीचा एक झिजलेला तुकडा. भिंतीला एक पियानो आहे, कुलूप लावलेला. त्याच्यावर ओले कोट, रॅफलमध्ये लागायची वाइनची बाटली आणि चॉकलेटचा डबा. पियानोकडे लक्ष असू द्या. आज तो वाजणार नाही, पण वाटेत पुन्हा भेटणार आहे.

गाणं चालू असताना दार उघडायचं नाही, हा इथला मुख्य नियम. उशिरा आलेला माणूस जिन्यात थांबतो आणि टाळ्या सुरू झाल्या की त्यांच्या आडून आत सरकतो. (आपल्याकडे पहिल्या रांगेतले पाहुणे विलंबित ख्यालाच्या ऐन समेवर येतात, ते आठवून तुम्हाला थोडी लाज वाटते.) पहिला गाणारा उठतो. दणकट बांध्याचा, साठी उलटलेला. डोळे मिटतो आणि कुठल्याही साथीशिवाय, सूरसुद्धा न मागता, सरळ सुरू करतो. गाणं कुठल्या तरी खलाशाचं आहे, खलाशाला घरी यायला उशीर झालाय. तिसऱ्या कडव्याशी माणूस अडतो. डोळे उघडत नाही, नुसता थांबतो. मागच्या रांगेत विणकाम करणारी एक बाई सुया न थांबवता कडव्याचा पहिला शब्द पुरवते, आणि गाडी पुढे जाते.

मग ध्रुपद येतं. खोलीतले सगळे ते उचलतात, पण एका सुरात नव्हे. कुणी वरचा धरतं, कुणी खालचा, कुणी मधली एक वाकडी वाट काढतं. हात हलवून ताल देणारं कुणी नाही, कुणाच्या हातात कागद नाही. शेजारच्या माणसाने तुमच्याकडे न बघता इतका खालचा सूर लावलाय की तुमच्या खुर्चीचं लाकूड थरथरतंय. तुम्ही पूर्ण पैसे भरून ऐकायला आलात खरे, पण या खोलीत ऐकणारे असे तुम्ही एकटेच आहात.

मध्यंतर होतं. रिकामा ग्लास घेऊन तुम्ही खाली निघता.

सातव्या पायरीवर धूर नाकात शिरतो. सिगारेटचा, दाट, कोटांत मुरलेला. इंग्लंडातल्या पबांत १ जुलै २००७ पासून आत बसून सिगारेट ओढता येत नाही. म्हणजे ती तारीख आता तुमच्या पुढे आहे. शेवटच्या पायरीपर्यंत आणखी चाळीस वर्षं सुटून जातात.

तुम्ही हलमध्ये आहात, साल १९६५. बाजारपेठेच्या रस्त्यावरून एक अरुंद बोळ आत जातो, त्या बोळात 'ब्ल्यू बेल' नावाचा पब. खिशातलं कार्ड इथे चमचा म्हणूनही चालणार नाही. नाणी शिलिंग-पेन्सची: बारा पेन्सांचा शिलिंग, वीस शिलिंगांचा पौंड. भारताने आणे-पै १९५७ सालीच मोडीत काढले. इंग्लंड हा हिशोब १९७१ पर्यंत बोटांवर करत राहणार आहे. गावाला मासळीचा वास आहे. हलचे ट्रॉलर आइसलंडपर्यंत आणि त्याच्याही वर जातात. पुरुष तीन आठवडे समुद्रावर आणि तीन दिवस घरी, आणि त्या तीन दिवसांत हात सैल सोडून खर्च करतो म्हणून गाव त्याला 'तीन दिवसांचा लखपती' म्हणतं.

क्लबचं नाव 'फोक युनियन वन'. जे चालवतात तेच गातात: नॉर्मा, माइक आणि लाल ही वॉटरसन भावंडं आणि त्यांचा नात्यातला भाऊ जॉन हॅरिसन. (लाल हे नाव मराठी कानाला चकवतं. ती इलेन आहे.) आईवडील लहानपणीच गेले, आजीने वाढवलं. काही वर्षांपूर्वी ही पोरं स्किफल वाजवत होती. १९५६ मध्ये लॉनी डोनेगनचं 'रॉक आयलंड लाइन' गाजलं आणि देशभरच्या मुलांनी आईची कपडे घासायची फळी, चहाचं खोकं, झाडूचा दांडा आणि दोरी पळवून बँड काढले. ते वारं लवकरच ओसरलं. पण गिटारी विकत घेऊन झाल्या होत्या, दर आठवड्याला जमायची सवय लागली होती, पबवाल्याकडून खोली ठरलेली होती. गायचं काय, एवढंच उरलं होतं. फोक क्लब हे या रिकाम्या झालेल्या खोलीतून उगवलेलं पीक आहे.

चौघं उभे राहतात. वाद्य नाही. नॉर्माचा आवाज खोलीच्या मध्यभागी जड पितळेसारखा बसतो, माइकचा त्याच्याभोवती वळसे घेतो, लालचा मध्येच सुईसारखा आरपार जातो. चर्चच्या वृंदात एकाने चाल गायची आणि इतरांनी तिला खालून तोलून धरायचं असतं. इथे तसं कुणीच कुणाला तोलून धरत नाही. चौघे चार वाटांनी निघतात, मध्ये कुठे तरी अंगावर येऊन आदळतात, आणि त्या आदळण्यातच गोडी आहे. याच वर्षी त्यांची 'फ्रॉस्ट अँड फायर' ही तबकडी निघते. १९३९ मध्ये कामगार संगीत संघटनेतून जन्मलेल्या टॉपिक रेकॉर्ड्सने ती काढलीय. वर्षाच्या चक्रातली गाणी: थंडीची, मे महिन्याची, सुगीची, नाताळची. बीटल्स ऐन भरात असताना चार माणसं नांगर फिरवायच्या दिवसाचं गाणं म्हणताहेत, आणि दारात उभं राहायला जागा नाही.

तीन वर्षांनी ही मंडळी फिरून फिरून थकतील आणि थांबतील. नॉर्मा तर कॅरिबियनमधल्या मॉन्टसेराट बेटावर जाऊन रेडिओवर गाणी लावेल. पुन्हा जमतील तेव्हा लवकरच चौथ्या जागी तिचा नवरा मार्टिन कार्थी उभा असेल. तो अजून या खोलीत आलेला नाही. त्याला गाठायचं तर आणखी थोडं मागे, दक्षिणेला.

लंडन, ग्रेज इन रोड, शनिवार, २२ डिसेंबर १९६२. पबचं नाव 'पिंडर ऑफ वेकफील्ड'. थंडी चावरी आहे. बर्फ चार दिवसांनी पडायला लागेल आणि मग दोन महिने हटायचं नाव घेणार नाही. इंग्लंडच्या नोंदींत १७४० नंतर इतका गार हिवाळा नाही. आत सिंगर्स क्लबची नाताळची मैफल आहे.

दारात तोच प्रश्न, गाणार की ऐकणार. इथे "गाणार" म्हणालात तर मात्र पुढचा प्रश्न येतो: कुठले?

कारण या क्लबाचा एक नियम आहे, आणि त्यावरून सगळ्या चळवळीत भांडणं लागली आहेत. ज्याने त्याने आपल्या मुलखाचं, आपल्या भाषेतलं गावं. तुम्ही साताऱ्याचे असाल तर इथे इंग्रजी गाणं म्हणता येणार नाही. ओवी चालेल, भूपाळी चालेल. नियमाचं मूळ एका हसण्यात आहे. हीच मंडळी आधीच्या क्लबात जमायची तेव्हा लंडनच्या खास कॉकनी उच्चारांत एक गायक 'रॉक आयलंड लाइन' म्हणत होता. अमेरिकेतल्या काळ्या कैद्यांकडून आलेलं, लेडबेलीने गाजवलेलं ते गाणं. ऐकत होती पेगी सीगर, जी स्वतः अमेरिकन आणि लोकगीतांच्या घरातच वाढलेली. तिला हसू आवरेना. त्यातून वाद झाला, वादातून धोरण ठरलं, आणि १९६१ मध्ये सिंगर्स क्लब सुरू झाला.

ती पाहा पेगी, मांडीवर बॅन्जो. तिच्या शेजारी खुर्ची उलटी करून, पाठीवर हात टेकून बसलेला दाढीवाला तो इवन मॅकॉल. मूळ नाव जिमी मिलर. जन्म सॅलफर्डच्या गिरण्यांमधला, आईवडील स्कॉटिश, म्हणून स्वतःच्याच नियमाने तो स्कॉटलंडची गाणीही गाऊ शकतो. पळवाट ठेवल्याशिवाय नियम करणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही. त्याच्या नावावर 'डर्टी ओल्ड टाउन' आहे, शेजारी बसलेल्या या बाईसाठी १९५७ मध्ये लिहिलेलं एक प्रेमगीत आहे, आणि बीबीसीवरचे ते रेडिओ-पोवाडे आहेत ज्यांत इंजिन ड्रायव्हर आणि रस्ते खोदणारे मजूर स्वतःच्या आवाजात बोलतात.

मॅकॉल गायला लागतो तेव्हा उजवा तळवा कानामागे जातो. खोलीतले निम्मे तरुण हीच ढब उचलून देशभर नेणार आहेत आणि व्यंगचित्रकार पुढची साठ वर्षं त्यावर पोट भरणार आहेत. मराठीत कानावर हात ठेवला तर 'मला काही ठाऊक नाही' असा अर्थ होतो. इथे नेमका उलटा: मला माझा स्वतःचा सूर ऐकायचाय. आपला शाहीरही हात तिथेच नेतो, आणि त्याच कारणासाठी.

आज एक पाहुणा आहे, यादीत नसलेला. एकवीस वर्षांचा, कुरळ्या केसांचा, अमेरिकन. बीबीसीच्या एका नाटकात काम करायला त्याला बोलावून घेतलंय. पहिली तबकडी निघून नऊ महिने झालेत, पण लंडनमध्ये ती फार थोड्यांनी ऐकली आहे. नाव बॉब डिलन. तो उठतो आणि गातो, गाणी स्वतः रचलेली. यजमानांच्या चेहऱ्यावर नाताळचा उत्साह दिसत नाही. तीन वर्षांनी मॅकॉल त्याच्याविषयी छापील आणि जहाल मत देणार आहे. पण कोपऱ्यात ब्रायन शूएल कॅमेरा घेऊन बसलाय. त्याने टिपलेली ही रात्र शिल्लक राहील. बीबीसीचं ते नाटक मात्र राहणार नाही. १९६८ मध्ये त्याचं चित्रण पुसलं जाईल.

नियम चुकीचा होता का? मला तो आवडत नाही, पण त्याने काम चोख केलं. अमेरिकन उच्चारांची नक्कल बंद पडल्यावर पोरांना आपापल्या आज्यांकडे जावं लागलं, गावातल्या म्हाताऱ्यांकडे जावं लागलं, वाचनालयातल्या धुळीत जावं लागलं. आणि तो मोडणारेही त्याच गल्ल्यांत हिंडत होते. डेव्ही ग्रॅहम मोरोक्कोला जाऊन गिटारच्या तारा वेगळ्याच सुरांत लावून आला. त्याच्या १९६८ च्या तबकडीवर तुम्हाला 'ब्ल्यू रागा' आणि 'सनशाइन रागा' अशी नावं सापडतील. कुठल्या मुलखाचं म्हणायचं ते?

आता मार्टिन कार्थी. फोली स्ट्रीटवरच्या 'किंग अँड क्वीन' पबमध्ये तो गात होता तेव्हा श्रोत्यांत बसलेला हा अमेरिकन पोरगा, डिलन, त्याने ओळखला, कारण अमेरिकेच्या 'सिंग आउट!' मासिकाच्या मुखपृष्ठावर तोच चेहरा त्याने पाहिला होता. गाणार का, म्हणून विचारलं. पुढच्या काही आठवड्यांत कार्थीने त्याला 'स्कारबरो फेअर' ऐकवलं, आणि डिलनने परत जाऊन त्याच्या छायेत 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री' रचलं. मग पॉल सायमन आला. त्यानेही तेच गाणं कार्थीकडून उचललं, जगभर विकलं, आणि कार्थीचं नाव घ्यायला विसरला. ती अढी २००० साली सुटली. सायमनने त्याला लंडनच्या मंचावर बोलावलं आणि दोघं ते एकत्र गायले. गाणं मुळात कार्थीचंही नव्हतं, हे दोघांनाही माहीत होतं.

पण मी तुम्हाला इथे आणलंय ते पियानोसाठी. बर्फ पडून गेलाय. कार्थीचं उत्तर लंडनमधलं घर, घरात हाडं गोठवणारी थंडी, शेगडीत घालायला काही नाही. खोलीत एक पियानो आहे, पार मोडकळीला आलेला, नुसता सांगाडा. आणि घरात कुणी तरी भेट दिलेली एक सामुराई तलवार आहे. कार्थी ती उचलतो आणि पियानोवर चालवतो. डिलन दचकतो, वाद्य आहे हो ते, असं काहीसं बोलून अडवायला बघतो. नंतर मात्र तोच तलवार मागतो. हा किस्सा कार्थीने मुलाखतींत पुन्हा पुन्हा सांगितलाय, दर वेळी तितक्याच आनंदाने. लाकूड कोरडं आहे, चांगलं जळतंय. तुम्हीही हात शेकून घ्या.

थंडीपुढे इलाज नव्हता हे खरं. पण या पिढीच्या फोक गायकांनी पियानो जाळलेला पाहून मला नवल वाटत नाही. त्यांच्यासाठी लोकगीत म्हणजे शाळेतला संगीताचा तास होता. बाई पियानोशी बसलेल्या, वर्गाने ताठ उभं राहून, तोंड गोल करून म्हटलेलं मेंढपाळाचं गाणं. कडव्यांतली खोडसाळ ओळ पुस्तकात आधीच धुऊन पुसून घेतलेली. तो पियानो वर्गात कुणी आणून ठेवला, ते बघायचं असेल तर शेगडीतल्या जाळाकडे एकटक बघा.

जाळ विझतो तिथे मेणाचा दंडगोल फिरतोय.

१९०६, लिंकनशायरमधलं ब्रिग. कर्ण्यासमोर जोसेफ टेलर उभे आहेत, सत्तरी ओलांडलेले, टवटवीत. आयुष्य एका इस्टेटीवर झाडं राखण्यात आणि मग कारभार बघण्यात गेलं. चर्चच्या वृंदात चाळीस वर्षांवर गायले. मागच्या वर्षी इथल्या संगीत स्पर्धेत लोकगीतांचा वेगळा गट ठेवला होता, त्यात पहिलं बक्षीस त्यांचं. ध्वनिमुद्रणाचं यंत्र चालवतोय पर्सी ग्रेंजर, चोविशीतला ऑस्ट्रेलियन, आणि धंद्याने मैफली गाजवणारा पियानोवादक. पियानोवाल्यालाच पियानोचं अपुरेपण कळावं, हा योग मोठा आहे. ग्रेंजरच्या लक्षात आलंय की टेलर एकच चाल प्रत्येक कडव्यात निराळी गातात. कुठे थांबतात, कुठे सुराला हलकेच ओरबाडतात, कुठे एक मात्रा जास्त घेतात, आणि यातलं काहीच पाच रेघांवर नीट उतरत नाही. म्हणून हे यंत्र. बाकीच्या संग्राहकांना ते फारसं पटलेलं नाही. कर्ण्यापुढे माणूस बुजतो असं त्यांचं म्हणणं. टेलर बुजलेले दिसतात का, तुम्हीच बघा.

दोन वर्षांनी, १९०८ मध्ये, ग्रामोफोन कंपनी त्यांना लंडनला नेऊन ध्वनिमुद्रित करेल आणि तबकड्या विकायला काढेल. इंग्लंडच्या खेड्यातला परंपरेने गाणारा माणूस दुकानात विकत मिळण्याची ही पहिलीच वेळ. १९१० मध्ये टेलर जातील. 'ब्रिग फेअर' या त्यांच्या गाण्याची त्यांना दोनच कडवी आठवत होती. ग्रेंजरने इतर गाण्यांतली कडवी जोडून ते पुरं केलं, आणि त्याचा मित्र डिलियस याने त्या चालीवर सबंध वाद्यवृंदाची रचना बांधली. दोन कडव्यांचा एवढा संसार.

आता शेवटचा टप्पा. हा चालत जायचा आहे.

सॉमरसेटमधलं हॅम्ब्रिज गाव, १९०३ सालचा सरता उन्हाळा. सफरचंदाच्या बागा, सायडरचा आंबूस वास. पाद्र्याच्या घरामागे बाग आहे, बागेत तीन माणसं बोलत बसली आहेत. घरधनी रेव्हरंड चार्ल्स मार्सन, समाजवादी विचारांचा पाद्री, म्हणजे गावातल्या जमीनदारांची डोकेदुखी. त्याचा पाहुणा सेसिल शार्प, त्रेचाळीस वर्षांचा, लंडनमध्ये संगीत शिकवणारा, दम्याने बेजार. आणि त्याच्याबरोबर आलेली गायिका मॅटी के. शार्पने चार वर्षांपूर्वी ऑक्सफर्डजवळ मॉरिस नाच पाहिला तेव्हापासून त्याच्या डोक्यात भुंगा शिरलाय की इंग्लंडच्या खेड्यात अजून काही तरी जिवंत आहे. पण खेडुताच्या तोंडून गाणं म्हणून त्याने अजून एकही उतरवून घेतलेलं नाही.

माळी हिरवळ कापतोय. माळ्याचं नाव जॉन इंग्लंड. कादंबरीकाराने असं नाव दिलं असतं तर संपादकाने खोडलं असतं.

यंत्राच्या लयीत तो स्वतःशीच गुणगुणतोय. प्रेमाचं बी पेरण्याचं गाणं आहे; बागेत कुठलं फूल निवडावं आणि कुठलं निवडून पस्तावलो, असला मामला. माळ्याच्या तोंडी अगदी शोभणारा. या गाण्याच्या देशभरातल्या नोंदी पुढे ज्या क्रमांकाखाली लागतील, तो लोकगीतांच्या राउड सूचीतला क्रमांक असेल ३. आत्ता त्याला क्रमांक नाही. त्याला श्रोतेसुद्धा नाहीत, कारण जॉन इंग्लंड हे कुणासाठी गात नाहीये. गवत कापताना तोंड रिकामं असतं, म्हणून गातोय.

शार्पचा हात खिशात जातो. वही बाहेर येते. चाल तो तिथल्या तिथे उतरवतो, मग उठून माळ्याकडे जातो आणि शब्द मागून घेतो. तुम्ही कुंपणाशी उभे आहात. थांबवता येईल का, असा एक विचार तुमच्या मनात येतो. मग कळतं की हे थांबलं तर सगळंच थांबतं. या वहीनंतर शार्प सायकलवर सॉमरसेट पिंजून काढणार आहे. याच परिसरात घरी बसून शिवणकाम करणाऱ्या लुई हूपर आणि लूसी व्हाइट या बहिणी त्याला गाण्यांचा ढीग देणार आहेत. आयुष्याच्या अखेरीपर्यंत त्याच्याकडे पाच हजारांच्या आसपास चाली जमतील. त्याच चाली पियानोच्या साथीसह छापल्या जातील आणि १९०६ पासून शाळांत शिरतील, ओळी धुऊन पुसून. त्या शाळेतल्या पियानोला कंटाळलेली पोरं पुढे पबच्या वरच्या खोलीत जमतील, आणि तिथे डोळे मिटून गाताना तिसऱ्या कडव्याला अडखळतील. शार्पने केलेलं नुकसान दुरुस्त करायला लागणारा सगळा माल शार्पच्याच वह्यांत आहे. त्याला पुढे शिव्या देणारे अभ्यासक त्याच वह्या उघडून शिव्या देतात.

संध्याकाळी गावात चर्चच्या गायकवृंदाचं जेवण आहे. जेवणानंतर थोडा करमणुकीचा कार्यक्रम. तुमच्या खिशातला पिवळा कागद काढा. घडीच्या रेघेवर बिअरचा डाग अजून ओला आहे, पण अक्षरं उडून गेलीत. पहिली ओळ आता तुम्हालाच लिहायची आहे: आज, हॅम्ब्रिज, जेवणानंतर. गायन: मॅटी के. पियानो: सेसिल शार्प. गाणं: सकाळी माळ्याकडून घेतलेलं, दुपारी त्याच्याखाली पियानोचे सूर बसवलेले.

ताटं आवरली जातात. दिवे पुढे सरकवतात. जॉन इंग्लंड गावकऱ्यांत बसलाय, आणि तुम्हाला जागा मिळालीय ती त्याच्या शेजारची. त्याला अभिमान वाटतोय. आपलं गाणं एवढ्या मोठ्या माणसांनी मनावर घेतलं याचा तो वाटणारच. थोड्या वेळाने लोक मनापासून टाळ्या वाजवतील, आणि कुणी तरी म्हणेल की या गाण्याने मेजवानीचा पोशाख चढवलेला आज पहिल्यांदाच पाहिला. जॉनला तो पोशाख तेवढा पटणार नाही. त्याच्या गाण्याला पियानो नव्हता.

पण ते नंतर. अजून टाळ्या व्हायच्या आहेत. शार्प स्टूल पुढे ओढतो. पियानोचं झाकण उघडतो, त्यावर कुणाचे कोट नाहीत. जॉन इंग्लंडचे खरबरीत हात मांडीवर आहेत, नखांत सकाळच्या गवताचा हिरवा. गाणार की ऐकणार, हे त्याला कुणी विचारलेलं नाही.

मॅटी के श्वास घेते.